दार लावून घे

२ फेब्रुवारी, सोमवार

ताई, आणि तुझ्या मागे रांगेत उभे असलेले सगळे बिनचेहऱ्याचे लोक हो!

शिंपी, सुतार, दार ओढणारे, आवाज देणारे, संवाद लिहिणारे! आपण ती जमात, जिची नावं भाग संपल्यावर मागे कुत्रं लागल्यासारखी पडद्यावरून पळतात. आई होती तोवर दर आठवड्याला चष्मा पुसून टीव्हीसमोर बसायची. "आलं का रे ताईचं नाव?" म्हणेपर्यंत साबणाची जाहिरात सुरू. आपल्या 'लांबचा पल्ला' मालिकेत जहाजाचे कप्तान तीन झाले. तिघांची नावं सुरुवातीला, एकेक करून, वाजतगाजत. आणि जिच्या आवाजावर ते अख्खं अंतराळजहाज एकवीस वर्षं चाललं, तिचं नाव शेवटून चौथ्या ओळीत, वाहनव्यवस्थेच्या खाली. हा अन्याय आहे. स्टुडिओच्या फाटकावर स्टुलावर उभा राहून मी हे आयुष्यभर ओरडत आलो आणि आज तुला लिहितानाही तेच म्हणतो.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

तू गेल्यापासून दोन वर्षं आम्ही जहाजाचा घसा बसलाय असं दाखवून वेळ मारून नेली. पहिल्या वर्षी उल्का लागली, दुसऱ्या वर्षी दुरुस्ती चालू. आता प्रेक्षक लिहितात, एवढी वर्षं कुणाचा घसा बसतो का, जहाजाला डॉक्टर दाखवा. वरच्या मजल्यावरून निरोप आलाय: सव्वीस तारखेच्या रेकॉर्डिंगला जहाजाला आवाज हवा. नसेल तर यापुढे ते नुसतं वाजेल. एकदा टुण म्हणजे हो, दोनदा टुण म्हणजे नाही. ताई, ज्या जहाजाने दोन कप्तानांना रागावून जेवायला बसवलं, त्याची आता इस्त्री गरम झाल्याची घंटी होणार.

परत ये. एवढंच मागणं आहे.

तू रागावलीस ते मास्तरांसाठी, हे मी जाणतो. त्यांनी शून्यातून ही मालिका उभी केली, तू, मी, सगळे त्यांच्या हाताखाली शिकलो, आणि एका मंगळवारी दुपारी त्यांच्याकडून खोलीची किल्ली मागून घेतली. पण त्यांना काढलं तेव्हा मी त्या खोलीत नव्हतो. खुर्ची मला नंतर दाखवली. कुणीतरी बसायलाच हवं होतं, नाहीतर दीडशे माणसं घरी गेली असती. म्हणून बसलो.

तिसरी कप्तान बरी आहे. उंच आहे, वेळेवर येते, आपले संवाद पाठ करते, दुसऱ्यांचे खात नाही. कोट तोच. शिंप्याने पहिल्याच्या मापाने शिवला, दुसऱ्यासाठी पोटात सैल केला, हिच्यासाठी खांद्यात घेतला. मला म्हणाला, "साहेब, कप्तान बदलतात. कोटाला त्याचं काही नसतं." मी शेल्फभर पुस्तकं वाचली, सत्तांतरावर इतकं नेमकं वाक्य कुठे सापडलं नाही.

तिकडे अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचतेस असं कळलं. भाग्यवान आहेत ते. ऐकणारे.

तुझा भाऊ
प्रमुख लेखक व निर्माता, 'लांबचा पल्ला'


१० फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

माझंच पत्र परत आलं. वर लाल पेन्सिल.

लहानपणी माझ्या निबंधांवर फिरायची तीच पेन्सिल, तोच हात. "लोक हो!" वर काट मारून शेजारी लिहिलंयस: 'श्रोता एक. आवाज कमी.' सहीखालचा हुद्दा खोडलास. 'अन्याय' या शब्दाला गोल करून समासात: 'दोन वर्षं प्रमुख तू आहेस. नावं अजून पळतायत. कुत्रं कुणाचं?'

इथे मी खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन आलो.

'कुणीतरी' या शब्दाखाली दोन रेघा. आणि 'मी त्या खोलीत नव्हतो' यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह. त्याचं काय करायचं ते कळलं नाही. तेव्हा दुसरं सांगतो.

तू येणार नाहीस असं धरून वरच्यांनी एक बाई पाठवल्या. पस्तिशीच्या. बारा वर्षं त्यांचा आवाज लिफ्टमध्ये होता. "दरवाजा बंद होत आहे. कृपया दूर उभे राहा." शहरातली निम्मी माणसं त्यांच्या सांगण्यावरून वर गेली आणि खाली आली. युनिटमध्ये पहिल्याच दिवशी त्यांचं नाव लिफ्टबाई पडलं. त्यांनीही ते हसून घेतलं. म्हणाल्या, "चालेल, निदान वर नेणारी आहे."

पहिलं वाक्य अर्थात तेच दिलं. काचेपलीकडून त्या म्हणाल्या, "दार. लावून. घे." उच्चार असा स्वच्छ की आमच्या ध्वनिमुद्रकाचं बोट आपोआप तळमजल्याचं बटण शोधायला लागलं. मी म्हटलं, "बाई, जरा घरच्यासारखं." तर म्हणाल्या, "आमच्या घरी सगळे दार लावतात हो. मला कधी सांगावं लागलं नाही." सुतार हसता हसता जहाजाच्या दारावर जाऊन आदळला, आणि ते अतिप्रगत, आपोआप उघडणारं दार चौकटीसकट खाली आलं. तो गेली तेवीस वर्षं ते मागून दोरीने ओढतोय. त्याच्या मते विज्ञानाने इतक्या वर्षांत काहीही प्रगती केलेली नाही.

मग त्यांनी विचारलं, हे वाक्य आलं कुठून? मी सांगितलं, तुला पाठ आहेच, तरी सांगतो, कारण सांगताना माझं काय झालं ते सांगायचंय.

म्हटलं, पहिलाच भाग होता. जहाजाने यंत्रासारखं बोलायचं असं ठरलेलं. "बाह्य झडप उघडत आहे," हे ताईने अकरा वेळा म्हटलं. अकराव्या वेळी कुणीतरी संवादाचे कागद ठेवून बाहेर गेलं आणि आवाजाच्या खोलीचं दार उघडं टाकलं. माइक चालू. ताई तिकडे वळून म्हणाली, "अरे, दार लावून घे. वारा येतोय." संकलकाने घाईत चुकून तोच तुकडा जोडला. प्रसारणात कप्तान जहाजाबाहेर अथांग पोकळीत पाऊल टाकतो आणि जहाज म्हणतं, "अरे, दार लावून घे. वारा येतोय." मास्तरांनी कपाळाला हात लावला. चार दिवसांनी पत्रांचं पोतं आलं. निम्मी पत्रं: अंतराळात वारा कुठला, लेखक शाळेत गेला होता का? उरलेली निम्मी: आमची आई असंच म्हणते, आमची बहीण असंच म्हणते, जहाजाला असंच बोलू द्या. मास्तरांनी दुसरा गठ्ठा जवळ ठेवला, पहिला माझ्या अंगावर टाकला. तुझा वारा झाकायला मी ग्रंथालयात बसून सूर्यातून सुटणारा कणांचा वारा शोधला आणि त्यावर तीन भाग लिहिले. लोक म्हणाले, काय अभ्यास आहे लेखकाचा!

लिफ्टबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दार उघडं टाकून कुणीतरी गेलं म्हणजे कोण गेलं?"

सगळं युनिट माझ्याकडे बघत होतं. सुतार तर दार खाली ठेवून बघत होता.

मी म्हटलं, "मी."

एवढंच सांगायचं होतं.

तुझा भाऊ


१६ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

या वेळी पाकिटात पत्र नव्हतं. पहिल्या पत्रातलं एक वाक्य तुझ्या हाताने उतरवलेली, कात्रीने कापलेली पट्टी होती. 'त्यांना काढलं तेव्हा मी त्या खोलीत नव्हतो.' मागे लाल पेन्सिलीने: 'पुन्हा लिही.'

पुन्हा लिहितो.

त्या खोलीत मी नव्हतो, हे खरं. मी शेजारच्या खोलीत होतो. मधे भिंत म्हणजे आपल्याच सुताराची प्लायवूड, तिच्यातून कुजबुजही ऐकू येते. हातात चहाचा कप होता, तो मी शेवटपर्यंत खाली ठेवला नाही, आवाज होईल म्हणून. वरचे म्हणाले, "मास्तर, आता नव्या रक्ताला जागा द्या." मास्तर म्हणाले, "नवं रक्त कुठाय?" कुणी बोललं नाही. खोडतो. मी बोललो नाही. मी शेजारीच होतो, एका दाराच्या अंतरावर.

आणि खुर्ची मला नंतर दाखवली, हे खोटं. दहा दिवस आधी दाखवली होती. मला वर बोलावून विचारलं. मी म्हटलं, "विचार करतो." 'विचार करतो' म्हणजे 'हो', हे वरच्यांना कळतं, मलाही कळत होतं. पुढचे दहा दिवस मी रोज मास्तरांसमोर बसून डबा खाल्ला. ते पुढच्या वर्षाची गोष्ट सांगायचे, मी मान डोलवायचो. दीडशे माणसं घरी गेली असती, हे मी तुला सांगितलं. तेही खरंच आहे. पण मला ती खुर्ची हवी होती, ताई. वीस वर्षं दुसरा लेखक होतो. हवी होती. लिहिलं बघ.

मग तू जिन्यात भेटलीस. मास्तर किल्ली देऊन निघाले होते, पायऱ्यांवर सगळं युनिट उभं. तू माझी बाही धरलीस. "बोल. कालपर्यंत दिवे लावणाऱ्याची सुट्टी कापली म्हणून तास तास बोललास ना? आज बोल." सगळे माझ्याकडे बघत होते. दार ओढणाऱ्यांसाठी बोललो, रंगवाल्यांसाठी बोललो, ज्यांची नावं ठाऊक नव्हती त्यांच्यासाठीही बोललो. ज्याने मला बोलायला शिकवलं त्याच्यासाठी बोलायची वेळ आली तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरली.

तू बाही सोडलीस. फाटकापर्यंत गेलीस. मला वाटलं, चार शिव्या हासडशील. हासडायला हव्या होत्यास. तू वळून फक्त म्हणालीस, "दार लावून घे."

आणि मी लावलं. आतून.

दोन वर्षं तो आवाज ऐकतोय. लोकांना वाटतं, तुझी जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही म्हणून मी जहाज गप्प ठेवलं. मला ते वाक्य लिहवत नव्हतं, म्हणून ठेवलं. जहाजाचा घसा नव्हता बसलेला. माझा बसला होता.

'परत ये' हे शब्दही मागे घेतो. माझी शरम झाकायला तुझा आवाज मागत होतो. तो तुझ्या पुस्तकांपाशीच बरा.

तपासून पाठव. लाल जास्त लागली तर लागू दे.

भाऊ


२१ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

पत्र परत आलं नाही. पाचव्या दिवशी पाकीट आलं, आत रिकामं पानसुद्धा नाही, फक्त ती लाल पेन्सिल. बोटभर उरलेली. याचा अर्थ 'आता तूच तपास' असा मी घेतला. चुकला असेल तर ये आणि रागाव.

बुधवारी मास्तरांकडे गेलो होतो. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा लावून बाल्कनीत बसलेले, अगदी आपल्या तिसऱ्या वर्षातल्या खलनायकासारखे. दारातच म्हटलं, "मास्तर, मला दहा दिवस आधी ठाऊक होतं."

"मला चौथ्या दिवशी कळलं," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"तू. वीस वर्षं माझ्या प्रत्येक वाक्यावर वाद घातलास. मी म्हटलं असतं आज सोमवार, तर तू म्हणाला असतास, कशावरून? त्या दिवशी डबा खाताना मी मुद्दाम एक फालतू गोष्ट सांगितली, जहाजाला शिंगं फुटतात म्हणून. तू म्हणालास, 'बरोबर आहे, मास्तर.' तेव्हाच म्हटलं, आपला खेळ संपला."

मला हसू आलं आणि त्याच वेळी दुसरंही काहीतरी आलं. त्यांना दिसत नव्हतं ते बरं.

मग म्हणाले, "गाढवा, मी काय धुतला तांदूळ आहे? पहिल्या कप्तानाला मी बदललं ना, त्याला कुणी सांगितलं ठाऊक आहे? शिंप्याने. कप्तान आपला कोट इस्त्रीला टाकायला गेला, तर कोटाच्या पोटात दुसऱ्याच्या मापाच्या टाचण्या लावलेल्या. सांगायला मला तोंड नव्हतं. दुसऱ्या कप्तानाला तर मी उल्केखाली मारला आणि कागद त्याच्या घरी पाठवून दिले. स्वतःचं मरण त्याने जेवणाच्या टेबलावर वाचलं." मग म्हणाले: "ताई दर रविवारी फोनवर मला पुस्तक वाचून दाखवते. तुझं नाव काढत नाही. पण मधेच थांबते आणि विचारते, जहाज बरं आहे ना?"

ताई, तू विचारतेस!

घरी येताना मी मोजत होतो. तेवीस वर्षांत दोन कप्तान, दोन डॉक्टर, एक यंत्रमानव, एक मास्तर आणि तू. यातलं एकही माणूस दारातून नीट बाहेर पडलं नाही. आपण पडद्यावर लोकांना दाखवत होतो की हजार वर्षांनंतरची माणसं कशी समंजस असतील, एकमेकांना कशी सांभाळतील. आणि पडद्यामागे एकमेकांना टाचण्यांवरून कळवत होतो. कुठल्याही राज्याची परीक्षा गादीवर कोण बसलं यावर होत नाही. उतरणाऱ्याला हात कुणी दिला, यावर होते. हे मी सभेत म्हणत नाही. सभा तूच आहेस, आणि आवाज कमी ठेवलाय.

आता लिफ्टबाईंचं ऐक. काल म्हटलं, सव्वीसला रेकॉर्डिंग, तयारी करा. त्या म्हणाल्या, "बाकीचं सगळं म्हणते. ते वाक्य म्हणणार नाही."

"का?"

"ज्यांचं आहे त्यांना विचारलंत?"

मग त्यांनी सांगितलं. एका सकाळी भाजीची पिशवी घेऊन त्या आपल्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरल्या, आणि दुसरीच बाई म्हणाली, "दरवाजा बंद होत आहे." कुणी कळवलं नव्हतं, फोन नाही, चिठ्ठी नाही. "तळमजल्यावर आत गेले तेव्हा कामाला होते, तिसऱ्यावर बाहेर पडले तेव्हा बेकार. त्या नव्या बाईचा काय दोष? पण मी दोन वर्षं जिन्याने चढतेय. तुमच्या ताईंना मी टीव्ही बंद करायला लावणार नाही."

मी त्यांना नमस्कार केला. खरोखरचा, दोन्ही हात जोडून. सुतार म्हणाला, "साहेब, बाईंना ठेवून घ्या, भले जहाज विका."

मग वर गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा स्टुलावाचून बोललो. दोन गोष्टी मागितल्या. पहिली मिळाली: या भागापासून शेवटची नावं पळणार नाहीत, चालतील. चाळीस सेकंद जास्त, साबण थांबेल. इतकं सोपं होतं. दोन वर्षांत मी मागितलंच नव्हतं. कुत्रं माझंच होतं.

दुसरी गोष्ट त्यांच्या हातातली नाही, तुझ्या हातातली आहे. मी वरच्यांना सांगितलंय की ते वाक्य ताई देईल तर नव्या बाई म्हणतील. नाही देणार तर जहाज टुण करेल, आणि त्याखाली मी माझं नाव घालीन, सावकाश, वाचता येईल असं. यात धमकी नाही. तू 'नाही' म्हणालीस तर ते 'नाही' मी सगळ्यांसमोर माझ्या तोंडाने सांगेन. या वेळी गुळणी नाही.

परत ये म्हणत नाही. एकदा ये. तुझं वाक्य लिफ्टबाईंच्या हातात दे, किंवा देऊ नकोस, पण समोर उभी राहून. त्यांना सांग की 'अरे' नंतर किती थांबायचं. मी एकवीस वर्षं तो 'अरे' कागदावर लिहिला, त्यातली माया मला लिहिता आलेली नाही. रागाची सुरुवात आणि काळजीचा शेवट, मधे एक श्वास. तो श्वास तुझ्याकडे आहे. मास्तरांनाही बोलावलंय. म्हणाले, दिसणार नाही, पण ऐकायला येतो, आणि त्या गाढवाला सांग, वाद घालायची तयारी ठेव.

जाताना मी तुला फाटकापर्यंत सोडायला येईन. जे तेव्हा करायचं होतं ते.

गुरुवार, सव्वीस तारीख, सकाळी अकरा. आवाजाची जुनी खोली. बेल वाजवू नकोस, दारावर टकटक करू नकोस. मी ते सकाळपासून उघडं टाकून बसणार आहे, पहिल्या दिवशी टाकलं होतं तसंच. ध्वनिमुद्रक ओरडेल, ओरडू दे.

ताई, गुरुवारी अकराला ये. आत ये, आणि दार लावून घे.

भोंग्या

(लहानपणी तूच ठेवलेलं नाव. शेवटच्या चाळीस सेकंदांत हेच घालणार आहे.)